डाव्या पंखावरचा काळा तुकडा

सॉदरहाम्न, १७ एप्रिल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींना म्हणावं, बर्फ वितळला म्हणून लगेच छपरावर चढू नका. मागच्या वर्षी त्यांना खाली उतरवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं होतं. माझं बरं चाललंय. म्हणजे जेवतोखातो, पण एका जागी बूड टेकत नाही. आज सकाळपासून दोनदा धक्क्यावर जाऊन आलो. गळ घेऊन गेलो आणि पाण्यात न टाकताच परत आणला.

तूरेच्या विमानाचं काय झालं, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा नीट सांगता आलं नाही, मी त्याच्याच घरी होतो आणि त्याची बायको गुन्वोर शेजारच्या खोलीत होती.

तूरेने आणि मी हवाई तळावरच्या एकाच हँगरमध्ये उमेदीची वर्षं काढली, हे तुला ठाऊकच आहे. तळ बंद झाल्यावर मी नुसता आळसावलो आणि तो तळघरात छोटी विमानं जोडत बसला. शेवटचं विगेन, आमच्या तळावरचं लढाऊ विमान, हातभर लांबीचं. ते अर्धं रंगवून झालं होतं, अंगावर टेप तसाच होता, आणि तो गेला. दीड वर्ष गुन्वोरने त्या विमानाला कुणाला हात लावू दिला नाही. फेब्रुवारीत मला म्हणाली, "बोर्ये, एवढं पूर्ण करून दे. ते घेऊनच मी मालमोला जाईन." मालमोला म्हणजे अन्निकाकडे, मुलीकडे. कायमची. विमान झालं की घर विकायला काढणार.

तेव्हापासून दर गुरुवारी मी तिच्या तळघरात असतो. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. तळावरच्या आमच्या भोजनगृहातली सवय तिने अजून मोडलेली नाही. म्हणते, "एकटीसाठी सूप करायला गेलं की पातेलंच हसतं माझ्याकडे बघून."

तुला वाटेल, एवढंसं खेळणं रंगवायला किती दिवस लागतात! ताई, विगेनचा रंग म्हणजे जिवाला घोर. फिकट हिरवा, गडद हिरवा, तपकिरी आणि काळा. फुटलेल्या काचेसारखे धारदार तुकडे, जंगलाच्या कडेला उभं केलं तर वरून दिसू नये म्हणून. आणि प्रत्येक विमानावर तेच तुकडे, त्याच जागी, आपल्या मनाचं काही चालत नाही. एक रंग मारा, वाळू द्या, टेपने झाका, मग पुढचा.

जुना टेप काढताना गुन्वोर माझ्या खांद्याशी उभी होती. इतके दिवस चिकटून राहिलेला टेप, त्याच्याबरोबर तूरेने मारलेला रंगही निघाला. मी तर शरमेने मेलो. ती म्हणाली, "असू दे रे. तो कुठे तक्रार करायला येतोय!" आणि वर निघून गेली. बराच वेळ खाली आली नाही.

मार्चमध्ये डाव्या पंखावरचा काळा तुकडा माझ्या हातून गडद हिरवा झाला. सगळा घासून काढावा लागला. मागच्या आठवड्यात शेपटीवरही तसंच काहीतरी झालं, पुन्हा घासलं. वय झालं, दुसरं काय. चष्मा बदलायला हवा.

मालमोला म्हणे वसंत आपल्या कितीतरी आधी येतो. येईना का. भावोजींना नमस्कार.

तुझा
बोर्ये


सॉदरहाम्न, ९ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, थोबाडीतच मारलीस. "तुझा चष्मा नवाकोरा आहे, नाताळात मीच सोबत येऊन घेतला होता. मेलेल्या मित्राच्या विमानाशी कसला खेळ मांडलायस? ती आवडते ना तुला? मग तोंड उघड, नाहीतर तिला सुखाने जाऊ दे."

आवडते. घे, लिहिलं. खिडकीतून कुणी बघत नाही ना, हेही बघून घेतलं. आवडते, आणि ती जाणार या विचाराने मला घरात बसवत नाही. आणि हो, चुका मी मुद्दाम केल्या. काळ्याची बाटली उघडून बाजूला ठेवली आणि हिरवी उचलली. तूरे असता तर मला तळघराच्या पायऱ्यांवरून खाली लोटलं असतं त्याने.

तुझं वाचल्यावर स्वतःचीच किळस आली. ठरवलं, आता सचोटीने करायचं. दोन आठवडे गुरुवारची वाट न बघता जात राहिलो. एकेक कड नखाने दाबली, रंग पातळ मारले. ताई, इतकं चांगलं काम माझ्या हातून जन्मात झालं नव्हतं. काल शेवटचा टेप काढला आणि विमान वर स्वयंपाकघरात नेऊन तिच्यासमोर ठेवलं.

बोलायचं ठरवून गेलो होतो. वाटेत चार वाक्यं घोकली होती. तोंडातून निघालं एवढंच, "झालं बघ. आता मालमोला घेऊन जा."

गुन्वोरने हात पुसले. चष्मा लावला. विमान उचलून खिडकीशी नेलं, उलटंसुलटं केलं, आणि इतका वेळ बघत राहिली की माझं सूप गार झालं.

"चुकलंय," म्हणाली.

"कुठे?"

"हा डाव्या पंखावरचा काळा तुकडा. इथे नसतो तो."

"अगं, तिथेच असतो! तीन-तीनदा पडताळलंय मी. तूरेचा रंगांचा नकाशा खाली भिंतीवर आहे, आणतो, थांब."

"नकाशा राहू दे तिथेच." तिने विमान माझ्यापुढे ठेवलं, अगदी हळू. "तीस वर्षं या रंगांचं पुराण ऐकलंय मी जेवताना. झोपेतसुद्धा सांगेन कुठला तुकडा कुठे. मागच्या दोन्ही वेळा चूक तू काढलीस, मी काही बोलले? आज मी काढलीय. घासून काढ."

मी मान वर करून बघितलं. तिचे कान लाल झाले होते. बासष्ट वर्षांच्या बाईचे कान, ताई!

"घासायचं तर वेळ लागेल," मी म्हणालो.

"मग मला कुठे गाडी गाठायचीय? अन्निकाला सांगितलं मी सकाळीच, या उन्हाळ्यात जमत नाही म्हणून." आणि माझं ताट उचलत म्हणाली, "उद्याच ये. गुरुवारपर्यंत कशाला थांबायचं?"

ताई, तो तुकडा बरोबर होता. अगदी बरोबर.

तुझा, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम खरवडायला निघालेला,
बोर्ये