हाकेला ओ

आई, काल मी शेतं बघायला गेले होते. हस, खुशाल हस. जिच्या आईने जन्मभर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या, ती इंदिरानगरातून गाडी काढून दिंडोरीला शेत बघायला जाते! पण आपलं वावर आता आहे कुठे? तिथे इमारती झाल्या, आणि तुझ्या मेथीच्या वाफ्यावर कोणाची तरी गाडी उभी असते. हल्ली शेतांची आणि खाण्याची सहल असते, आणि ती आपली आपण करायची. बरोबर माणूस लागत नाही. फोनवर नकाशा येतो, बाण दाखवेल तिकडे वळायचं, थांबायचं, बघायचं, सांगितलं तिथे जेवायचं. निवृत्त झाल्यापासून एकटीने करता येतील अशाच गोष्टी मी शोधत असते. ही अगदी माझ्या मापाची निघाली.

पहिली द्राक्षाची बाग. फाटक सताड उघडं. घडांना कागद गुंडाळलेले, ओळीच्या ओळी, आणि माणूस एकही नाही. फोनमधली बाई म्हणाली, "आता उजवीकडे पाहा." मी पाहिलं. दिवसभरात माझ्याशी बोललेली ती पहिली बाई, म्हणून निमूटपणे पाहिलं. पुढे बागेत शिरले आणि उगाचच दचकले, कुणीतरी दंड धरल्यासारखी. मी लहान आहे, शेजारच्या वावरात हरभरा उपटायला शिरले आहे, आणि मागून तू दंड धरतेस. "मुक्यानं शिरतीस व्हय गं? दुसऱ्याच्या वावरात जायचं तर बांधावरून हाक मारायची. ओ आली की मग पाय टाकायचा." मी म्हणते, कोणी दिसत तर नाही. "दिसत नाय म्हणून काय झालं? माणूस खाली वाकलेलं असतं." तेव्हा मला वाटलं होतं, तू मला चोरी करू नको एवढंच सांगते आहेस. काल त्या बागेत कोणीच वाकलेलं नव्हतं. पुढच्या बेदाण्याच्या शेडमध्येही नाही. बाण दाखवत गेला, बाई बोलत गेली, मी बघत गेले. दुपारपर्यंत मला इतकं एकटं वाटायला लागलं की जेवण सोडून घरी परतावं असं मनात आलं. पण भूक लागली होती, आणि तुझी मुलगी उपाशी परतणाऱ्यांतली नाही.

जेवणाच्या जागी फाटकावर 'आत या' अशी पाटी होती. तरी मी बाहेरच थांबले आणि तोंडातून हाक गेली, "आहे का कोणी?"

"ओ! हाय, हाय! या ना!"

चुलीशी वाकलेली एक बाई भिंतीमागून उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं. तुला खरं सांगते, मला ओ मिळून फार दिवस झाले होते.

तिने बाजेवर बसवलं. तव्यावरची भाकरी थेट ताटात, वांग्याचं भरीत, ठेचा. "मावशी, एकट्याच आल्या का? पाहुणे लय येत्यात, पण हाक मारून कोणी येत नाय. फोन बघत बघत डायरेक चुलीपाशी." मी हसले. मग तिने विचारलं, "घरी कोण कोण हाय?"

"आई आहे," मी म्हणाले.

का म्हणाले कोण जाणे. कोणी नाही म्हटलं असतं तर तिचा चेहरा पडला असता, आणि तो मला बघायचा नव्हता. निदान त्या जेवणापुरतं तरी माझी वाट बघणारं कोणी असावं, असं वाटलं. तिला मात्र काही वेगळं वाटलंच नाही. परातीत उरलेल्या पिठाची तिने तळहाताएवढी चानकी थापली. शेवटच्या पिठाची चानकी तू माझ्यासाठी ठेवायचीस, मी नोकरीला लागले, केस पिकायला लागले, तरीसुद्धा. आपल्याकडे ती घरातल्या लहान्याची. ही बाई म्हणाली, "म्हातारं माणूस लहानावानीच. दात नसतील ना आईला? दुधात कुस्करून द्या. आन् पुढल्या बारीला सांगा, आवडली का नाय ते." कागदात गुंडाळून तिने ती माझ्या हातात दिली. परतताना मी फोन बंद ठेवला. रस्ता मला ठाऊक होता.

घरी पोचले, कुलूप काढलं, आणि उंबऱ्याबाहेर थांबून हाक मारली. वेडेपणाच. शेजारचं दार किलकिलं झालं, तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं. मग ओट्याशी उभी राहून तुझी चानकी दुधात कुस्करली आणि मीच खाल्ली.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून नुसतं लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिकडे जाणार आहे. शेतं बघायला नाही. ती विचारणारच. आवडली म्हणून सांगू ना?