जास्तीचे तीन अंश

ता. ४ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण तुमचे धाकटे बंधुराज. शेडमधलं विमान आता नुसता सांगाडा राहिलेलं नाही, त्याला पंख लागले. सहा वर्षं मी म्हणत होते, खेळू दे, दारू-जुगारापेक्षा बरं. काल इंजिनही ठरलं. पासष्ट हॉर्सपॉवरचं, जुनं, पण वजनाला हलकं. आता पुढचा पंखा दादाच्याच हातचा हवा म्हणून अडून बसलेत. लाकूड तुमच्या कारखान्यात परस्पर पोचेल.

भाऊजी, मला भीती वाटते. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुमचं ते ऐकतात. काहीही करा, पण ह्यांना जमिनीवर ठेवा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची धाकटी

ता. १२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तो माझं ऐकतो हा तुझा गोड गैरसमज. लहानपणी छत्री उघडून गच्चीवरून उडी मारली, तेव्हाही मी खालून नको नकोच ओरडत होतो. आता नाही म्हटलं तर दुसऱ्या सुताराकडून पंखा करून घेईल आणि खुशाल उडेल.

म्हणून साप मरेल आणि काठीही मोडणार नाही असं करतो. पात्यांना हवा त्यापेक्षा तीन अंश जास्त पीळ देतो. इंजिनाला तो पेलणार नाही. विमान मैदानभर धावेल, पण उठणार नाही. चार महिने डोकं खाजवेल आणि कंटाळून सोडून देईल. चाळीस वर्षांत मुद्दाम वाईट काम कधी केलं नाही, हे पहिलंच. कुठे बोलू नकोस.

पोरीला पापा. आठवण ठेवता तशीच ठेवा.

दादा

ता. २० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, काय पंखा केलायस! हात फिरवला तर लोणी. पण आमचं विमान म्हणजे हट्टी म्हैस. धाव धाव धावतं, चाकं काही सुटत नाहीत.

काल पातं मोजलं. माझ्या हिशेबापेक्षा तीन अंश जास्त भरलं. क्षणभर चमकलो, मग स्वतःलाच हसलो. गणितात जन्मभर काठावर पास होणारा मी, आणि निघालो दादाचा हात तपासायला! माझा आकडा खोडला, तुझा ठेवला. म्हणजे इंजिनच कमी पडतंय. ते काढून पंच्याऐंशीचं बसवतोय. वीस किलो जड आहे, पण तुझा पंखा गरागरा फिरवेल. जूनमध्ये उडतोच बघ.

ही हल्ली उगाच गप्प असते. तू ये, म्हणजे हसेल. तुझा हात पाठीवर असाच राहो.

तुझा धाकटा

ता. २८ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

त्याने मोजलं, आणि तरीही स्वतःलाच खोटं ठरवलं. खरं लिहायला तीनदा बसलो. पण सांगितलं तर माझ्या हातचं पुन्हा काही घेणार नाही, आणि दुसऱ्याच्या पंख्यावर उडेल ते वेगळंच. माझ्या अंदाजाने नव्या इंजिनानेही ते उठणार नाही. तू गप्प राहा.

काळजी करू नकोस म्हणतो, पण मलाच लागून राहिली आहे.

दादा

ता. १७ जून

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आलात आणि एक शब्द न बोलता परत गेलात. मीही बोलले नाही, म्हणून लिहिते.

त्या रविवारी विमान उठलं. पोर टाळ्या वाजवत होती. झाडांच्या उंचीपर्यंत गेलं आणि पुढे चढेचना. मैदान संपलं, झाडं आली.

दोन दिवस ते शुद्धीवर होते. चौकशीचा अधिकारी आला, त्याने पंख्याचं विचारलं. हे म्हणाले, पंख्याबद्दल विचारूच नका, तो माझ्या भावाचा हात आहे, इंजिन निवडण्यात मीच चुकलो. त्यावर सही केली. मी कागदाखाली पाटी धरून उभी होते. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. तुम्हाला वाचवायला नाही, भाऊजी, मला स्वतःला. आपण चुकलो असं समजूनच ते गेले.

सोमवारी तो अधिकारी अहवाल पुरा करायला येतोय. मी सगळं सांगणार आहे, तुमचंही आणि माझंही. ती चूक ह्यांच्या नावावर राहू देणार नाही.

लोभाचं काय लिहू? सोमवारी सकाळी दहाला या. नाही आलात तरी मी सांगेन.

धाकटी