बारा सेकंदांचा बैल

३ फेब्रुवारी
ठरलं. भटकणं बंद. पाथर्डीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या रुपाली मॅडम भिंगारला नवा क्लास काढतायत. शिकवायला माणूस हवाय. तो माणूस मी. अट एकच. २२ तारखेला तिथं आपलं हलतं चित्र दाखवायचं, आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर त्याची चाल सारखी राहिली पाहिजे. पोरांना शिकवायच्या प्रोग्राममध्ये स्क्रीनवर एक कासव असतं, सांगू तसं चालतं. आपण कासव नाय चालवणार. मी त्याचा बैल केला.

६ फेब्रुवारी
बैल बारा सेकंदांत स्क्रीन पार करतो. झकास चाल! युक्ती माझी : दर पावलाला कॉम्प्युटरला उगाच दोन लाखांपर्यंत आकडे मोजायला लावतो. तोवर बैल उभा. मॅडम म्हणाल्या, "सहादेव, हा कॉम्प्युटर म्हातारा आहे, सावकाश मोजतो. नवा पटकन मोजेल. घड्याळ बघून पाऊल टाकायला लाव." बैल घड्याळ बघतो व्हय? तरी म्हणालो, शिकतो दोन दिवसांत.

९ फेब्रुवारी
दोस्त करणच्या नव्या लॅपटॉपवर बैल दोन सेकंदांत पार. करण म्हणतो, "बैल हाय का रॉकेट?" लॅपटॉप मालकावर गेलाय, उतावळा. आकडा बारा लाख केला, जमलं. मग क्लासात लावला. मॅडमचा चहा संपला तरी बैल चालतोच आहे. परत दोन लाख. घड्याळाचं उद्या.

१३ फेब्रुवारी
घड्याळ शिकणारच होतो. पण आधी खरी चाल बघावी म्हणून घोडेगावच्या बैलबाजारात गेलो. अभ्यासच तो. परतीची जीप चुकली. आई म्हणाली, "कासवाला चालाया शिकवतोय, अन् सोताचा पाय घरात न्हाई."

२१ फेब्रुवारी
घड्याळ लागतच नाही! कासवाला वेगाचा आकडा देता येतो. दहा म्हणजे जोरात, एक म्हणजे हळू. मग शून्य म्हणजे सगळ्यात हळू. साधा हिशोब. अडलं तर शून्य. नाहीतर दोन लाख आहेतच. भिंगारचे कॉम्प्युटरही मॅडमचेच, स्वभाव सारखाच असणार.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
भिंगारच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं. जागामालक आप्पासाहेब चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, "बैल कुठाय रं?" म्हणालो, "गेला." "कवा?"
मोजणी काढून शून्य टाकलं. बैल थेट पलीकडच्या टोकाला. मॅडम म्हणाल्या, "शून्य म्हणजे चालणं दाखवूच नको, एकदम पोच."
शिकवायला माणूस म्हणून मॅडमनी देवश्रीला घेतलं, तीही आपलं चित्र घेऊन आली होती. तिचं कासव घड्याळ बघतं. ती मला म्हणे, उद्या सकाळी आठला घड्याळाचाच धडा आहे, पोरांत येऊन बस. मी? चौथीच्या पोरांत? मेलो तरी नाही जाणार.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
गेलो. नुसतं बघायला.
धडा संपला होता.