दोरीपाशी थांबलेली गाडी

मंगळवार, १५ जुलै
टोल्यावरची मीना गेली. सकाळी सव्वासातला, दवाखान्यात नेताना खाटेवरच, नाला ओलांडायच्या आत. प्रमिला सिस्टरनं दुपारी फोन करून सांगितलं. टोल्यावरच्या, म्हणजे नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, उपकेंद्रात ती एकटीच नर्स. बाळंतपणानंतर रक्त थांबेना, आणि ते थांबवायचं इंजेक्शन संपलेलं. नवा साठा काल आमच्या संस्थेच्या औषधगाडीतून निघाला होता. कालच संध्याकाळी गाडी डबा तसाच घेऊन आरोग्य केंद्रात परत.
मुलगी झाली. बरी आहे.
निलेशला सांगितलं. ऊर्जानगरचा पोरगा, गाडीचं डिझाइन त्याचं. "नेटवर्क गेलं असन का मॅडम?" एवढंच म्हणाला.

बुधवार, १६
गाडीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं, दोनदा. ड्रायव्हर नसलेली गाडी. चिखल, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, दोन ओढे, सगळं नीट पार केलं. मग टोल्याच्या शिवेवर दोरी, या झाडापासून त्या झाडापर्यंत, आंब्याची पानं बांधलेली. गावबांधणी. अखाडीत, म्हणजे आषाढात, एक दिवस शीव बांधतात, बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही.
गाडी थांबली. भोंगा नाही, बैल बुजतात म्हणून मार्चमध्येच काढला. दोन तास उभी राहिली, मग शिकवल्याप्रमाणे मागे वळली. दोरीपलीकडे तीन माणसं बसलेली दिसतात. एक बिडी ओढतोय. गाडीकडे बघतात, उठत कोणी नाही.
निलेश: "पण गाडी तर बरोबरच वागली ना?"
हो. तेच तर.

गुरुवार, १७
टोल्यावर गेले, वासुदेवभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून. गाडी यायच्या आधी औषधांचा झोळा तेच पोचवायचे.
मीनाचा नवरा दिनेश भेटला. पाणी दिलं.
त्या तिघांतला एक: "गाडीत मानूस नोता ना बाई. काय आनलं मनून कोनाले विचाराचं?" सिस्टर तेव्हा मीनाजवळ. तिला कोणी कळवलंच नाही. पहाटे रक्त वाढलं तेव्हा शीव बांधणाऱ्या गावच्या पुजाऱ्यानं स्वतः दोरी तोडली, खाट उचलायला हातही लावला. तोवर नाला चढलेला.
परत येताना वासुदेवभाऊ, पुढं बघतच: "मी दोरीच्या इकडूनच हाक मारो. कोनी बी येऊन झोरा घेऊन जाये. बांधनी मानसाची रायते, दवाईची नाई. तुमाले एप्रिलमदी सांगतलं होतं ना मी?"
सांगितलं होतं.

शुक्रवार, १८
एप्रिलची वही काढली. गाडीसाठी रस्त्यांची पाहणी लिहायचं काम माझं होतं. आठ पानांची मर्यादा, संध्याकाळी सहाच्या आत द्यायची. वहीत आहे: 'बांधणीच्या दिवशी शिवेवरून हाक. सामान आत जातं.' त्यावर पेन्सिलची आडवी रेघ. शेजारी माझंच अक्षर: रंजक, पण जागा नाही.
तीस वर्षं पेपरात हेच केलं. जागा नसली की शेवटचा परिच्छेद कापायचा. त्यानं कधी कोणी मेलं नाही. निदान मला कळलं नाही.
निलेशला वही दाखवली. "हे मले माहीत असतं तर गाडीत आवाज टाकनं एका दुपारचं काम होतं, मॅडम." चिडून नाही बोलला. चिडला असता तर…


शनिवार, १९
पुण्याच्या ऑफिसातून फोन. अहवालात 'स्थानिकांनी रस्ता अडवला' असं यावं. सोमवारपर्यंत हवाय.
लिहिला. रस्ता अडवलेला नव्हता. तिथं हाक मारायची असते. ही माहिती पाहणीत मिळाली होती, ती मी काढली, निलेशपर्यंत पोचली नाही. नऊ ओळी झाल्या. वाचल्या. एकही कापली नाही.
अजून पाठवलेला नाही.

रविवार, २०
वासुदेवभाऊंना काल अहवालाचं सांगितलं होतं; आज ते दिनेशचा निरोप घेऊन आले. अहवाल आधी ग्रामसभेत वाचा, मग कुठी पाठवायचा तिथी पाठवा. मी मराठीत वाचायचा, सिस्टर गोंडीत सांगेल. गाडीला पुन्हा येऊ द्यायचं का, ते त्यानंतर ठरेल.
पुण्याला कळवलं, सोमवारी मिळणार नाही. ओरडले. निलेश म्हणतो, मी पन येतो.
वासुदेवभाऊंना विचारलं, वाचून झाल्यावर काय करतील हो?
"आयकतीन. मंग समदे दिनेशकडं पाहातीन."
आणि दिनेश?
"ते मले कसं मालूम, बाई."
सभा मंगळवारी, दहाला. नाला उतरला तर.