मोहनाबेनचा फेटा

सुभानपुरा, बडोदे
गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप राजेश्वरीआत्यास समरजितचा दंडवत. इकडे सर्व ठीक. तुमच्या गुडघ्यांची चौकशी आबासाहेबांनी मुद्दाम करायला सांगितली आहे (डाव्याची जास्त, उजव्याची बेताची).

आत्या, तुम्ही देवासला पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंत, म्हणून विचारतो. शिक्षकांना खरोखर आवडतं तरी काय? आमच्या पूर्वीचंच बघा, लेक वर्गात तोंडच उघडत नव्हती. तिच्या मोहनाबेननी काय करावं, तर रोज तिला फळ्यावरची तारीख तेवढी मोठ्यानं वाचायला लावली. आता ती इतकी बोलते की शेजारी खिडक्या लावून घेतात. बेन गेल्या शनिवारी निवृत्त व्हायच्या होत्या. आभार मानायलाच हवे होते, म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ आणलं. तर पूर्वी म्हणाली, बेनकडे पंधरा आहेत. (तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पंधराही एकच वेळ दाखवत असतील का? सेल कोण बदलतं?)

तेव्हा आबासाहेबांनी निकाल दिला, आपल्या घराण्यात मान म्हणजे फेटा. तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांनी आजवर फेटा बांधला तो पुरुषांनाच. नवरदेवांना, निवृत्त झालेल्या आनंदकाकांना, आणि एकदा नंदेसरीच्या कारखान्यातल्या माझ्या साहेबांना (ते पुढे आठ दिवस मान वळवत नव्हते). मी हळूच म्हटलं, मोहनाबेन बाई आहेत. "मग? डोकं नाही का त्यांना?"

शनिवारी वर्गात फेटा बांधला तो असा घट्ट की सुटेना. वर आबांची ताकीद, सूर्य मावळेपर्यंत उतरवायचा नाही. बेननी फेट्यातच शेवटचा तास घेतला आणि फेट्यातच स्कूटरवर निघाल्या. चौकात पोलिसानं अडवलं. "बेन, हेल्मेट क्यां छे?" बेन ताठ मानेनं (दुसरा इलाजच नव्हता) म्हणाल्या, "भाई, आजे मारुं सन्मान थयुं छे." त्यानं सलाम ठोकला आणि गाडी ढकलत न्यायला सांगितली. ढकलली मी. नारळ आणि हार घेऊन मागूनच रिक्षातून येत होतो ना!

वाटेत बेन म्हणाल्या, घड्याळं पुष्कळ मिळाली हो, पण मुलं घरी गेल्यावर माझ्याबद्दल काय बोलतात, हे कुणी कधी सांगितलंच नाही. मी सांगितलं, पूर्वी रोज बाहुल्यांची शाळा भरवते. जी बाहुली बोलत नाही तिला रागवत नाही, थांबते. बेन रस्त्यातच रडू लागल्या. आत्या, मलाही राहवलं नाही.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
समरजित

ता. क. काल जेवताना आबासाहेबांनी एकदम विचारलं, "राजूनं किती वर्षं शिकवलं रे?" मी पस्तीस म्हटलं. ताटावरून उठले, ते थेट मांडवीच्या बाजारातून फेट्याचं केशरी कापड घेऊनच परतले. दिवाळीला याच. धाकट्या बहिणीला हे स्वतः सांगायला त्यांची जीभ रेटत नाही, म्हणून ती गुडघ्यांची चौकशी.

ता. क. दुसरा. तुमच्या फेट्याचा सराव माझ्या डोक्यावर चालू आहे. हे पत्र त्यातच लिहितोय. सूर्य मावळायला अजून चार तास आहेत.