लिंबोणीवर औषध नको

आई,

तुम्ही फिरून येईपर्यंत धीर निघेना. छकुलीचा ताप उतरत नाही, म्हणून तिला दवाखान्यात नेतेय. तुम्ही घाबरू नका, तेवढं काम मी करतेच आहे.

लिंबोणीच्या कुंडीवर आज औषध मारू नका. पानांवर चिमणीची शीट दिसते ना, ते फुलपाखराचे सुरवंट आहेत. परवा मीही फडक्याने पुसायला गेले, तर शीट चालायला लागली. झाडाचा खराटा झाला तरी चालेल, पालवी पुन्हा फुटते.

कालपासून गप्प पडलेली पोर आत्ता दारात पहिल्यांदा बोलली, "आजी माझ्या सुरवंटांना मारेल."

मी म्हटलं, "आजी राखण करेल त्यांची."

त्यावर हसली आणि स्वतःच चप्पल घातली.

माझा शब्द राखा. घरी आल्या आल्या ती आधी गॅलरीतच पळेल.