मुखपृष्ठावरचा काका

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद. माझ्या सायकलदुरुस्तीच्या पुस्तकाला तू केलेलं मुखपृष्ठ प्रकाशकांनी दाखवलं. निळा रंग झकास, सायकलही हुबेहूब. पण पुस्तकाचं नाव फिकट पिवळं आणि इतकं बारीक, की शोधायला चष्मा पुसावा लागला. आणि माझं नाव? लालभडक, या टोकापासून त्या टोकापर्यंत! अगं, मी काय निवडणुकीला उभा आहे?

प्रकाशक वैतागले होते. "पुस्तक कशाचं तेच कळत नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतो," म्हणाले. तुझं हे पहिलंच काम.

"तिचा दोष नाही हो, मोठ्या नावाचा हट्ट माझाच होता," मी ठोकून दिलं. "पुस्तकाचं नाव पांढरं, ठसठशीत आणि माझं लहान करायला तिलाच सांगा. माझ्या हौसेचा विषय मात्र तिच्यापाशी काढू नका."

ते खो-खो हसले आणि कबूल झाले.

संध्याकाळी तुझा फोन आला. "काका, तुमचं नाव लहान करायला लावलं हो त्यांनी! मी पुष्कळ भांडले. वाईट वाटून घेऊ नका."

खरं काय ते सांगावं म्हणून लिहायला बसलो होतो. पण हे पत्र पेटीत टाकत नाही. माझ्यासाठी तू भांडलीस, ते तसंच राहू दे.

तुझाच,
काका